काकीचा डावा कौल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. आमच्या धंद्यात ‘देवीला सांगितलं’ असं म्हणायची सोय असते, पण तेही खरं नाही. रोज सकाळी मी तिला आंघोळ घालतो, लुगडं नेसवतो, मळवट भरतो — आणि तिच्या डोळ्यांकडे बघत नाही. तिला माहीत आहेच म्हणा. ती तिथंच होती.

मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा इतके दिवस पोटात ठेवून आता ते मावेनासं झालंय म्हणून. मला नीट सांगता येईल असंही नाही. माझी खोड आहे — मुद्द्याच्या जवळ आलो की मी दुसरंच काहीतरी बोलायला लागतो. तसं झालं तर समजून घ्या की मी मुद्द्याच्या जवळ आलोय.

मी गुरव. सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या अंगाला, कापडाच्या दुकानांच्या गर्दीत आमच्या देवीचं लहानसं देऊळ आहे आणि देवळाला चिकटून आमचं घर. आजोबा होते तेव्हापासून पूजा आमच्याकडं. दुकानदार शटर उघडायच्या आधी येऊन पाया पडतात, बायका मंगळवारी-शुक्रवारी ओटी भरतात. आणि लोक कौल घ्यायला येतात.

कौल म्हणजे देवीला विचारणं. फुलाच्या दोन कळ्या पाण्यात भिजवायच्या आणि देवीच्या दोन खांद्यांवर एकेक चिकटवायची. पाणी वाळत जातं तशी एखादी कळी सुटून खाली पडते. देवीच्या उजव्या अंगाची आधी पडली तर होकार — उजवा कौल. डाव्या अंगाची पडली तर नकार. मुलीचं स्थळ, जमिनीचा व्यवहार, नवं दुकान, ऑपरेशन, सगळं विचारतात. कळ्या लावणारा हात माझा, उत्तर देवीचं, असं सगळे मानतात. मीसुद्धा मानत होतो. अजून मानतो — आता हे ऐकून तुम्ही हसाल, पण खरंच मानतो.

आमच्या घरात दोन म्हाताऱ्या होत्या. एक माझी आई. दुसरी काकी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. काका लवकर गेले. काकीला मूलबाळ नव्हतं. मी जन्मलो तेव्हा आईची तब्येत इतकी खालावली की मला काकीनेच उचललं, ते पुढं मिसरूड फुटेपर्यंत खाली ठेवलंच नाही. देवीची लुगडी धुण्याचं कामही तिचंच. एवढ्या वर्षांत तिने ती एकदाही दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाहीत, माझ्या बायकोच्यासुद्धा. आई आणि ती — जावा-जावा असून कधी भांडल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. भांडायच्या, चांगल्या कडाकडा भांडायच्या, आणि मग एका ताटात जेवायच्या.

दोघी सत्तरीच्या पुढच्या. सरकारने सत्तरीच्या वरच्यांसाठी पाच लाखांच्या उपचारांचं कार्ड काढलं, तेव्हा आमच्या भागात शिबिर भरलं होतं. गरीब असा, श्रीमंत असा, उत्पन्नाचा दाखला लागत नाही, आधारवरचं वय सत्तर पुरं असलं की झालं. मी दोघींना रिक्षात घालून नेलं. अंगठे दिले, फोटो काढले. काकी फोटोसाठी डोक्यावरचा पदर सारखा करत बसली आणि आई तिला म्हणाली, “आक्का, लगीन न्हाय तुजं, दवाखान्याचं कारड हाय.” मांडवातल्या सगळ्या म्हाताऱ्या हसल्या.

माईकवरचा माणूस तेव्हा सगळं समजावून सांगत होता. मी अर्धं ऐकलं. अर्धं ऐकण्याचीच मला सवय — पोथीचंसुद्धा मी तसंच करतो. कानावर पडलं ते एवढं : पाच लाख हे प्रत्येक म्हाताऱ्याला वेगळे नाहीत. एका घरातल्या सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना मिळून, वर्षाला पाच लाख.

“सगळ्यांना मिळून.” हे दोन शब्द मी घरी घेऊन आलो. माझ्या डोक्यात त्यांचं काय झालं असेल? तुम्ही कधी रेशनच्या दुकानात उभे राहिलात का? तिथं घरातल्या कुणीही एकाने अंगठा लावला की घराचं महिन्याचं धान्य उचललं गेलं. मग दुसरा गेला तर दुकानदार म्हणतो, तुमचं झालंय, पुढच्या महिन्यात या. मी सगळी हयात अंगठा हा असाच ओळखला. तेव्हा मी समजून चाललो की हे कार्डही तसंच : घरातली एक म्हातारी दवाखान्यात दाखल झाली, अंगठा लागला, की घराचं वर्ष संपलं. दुसरीने पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं.

हे कुणाला विचारायला काय हरकत होती? काहीच नव्हती. योजनेतल्या दवाखान्यांत ह्याच कामासाठी माणूस बसवलेला असतो. पण मी देवळातला माणूस — लोक मला विचारतात, मी कुणाला विचारत नाही. हा माज होता. साधा, रोजच्या वापरातला माज.

त्या उन्हाळ्यात आईला जिना चढताना दम लागायला लागला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हृदयाची झडप आवळत चाललीय, बदलावी लागेल, महिना-दीड महिन्याच्या आत करा. कार्डावर होईल म्हणाले. तारीख मिळायची होती. मी निश्चिंत झालो. दवाखान्यातून परत येताना आईला उसाचा रस पाजला.

आणि चारच दिवसांनी काकी पडली.

देवळाच्या अंगणात नारळ फोडायचा दगड आहे. तिथं पाणी सांडतं, ते शेवाळतं. काकी देवीचं लुगडं वाळत घालायला निघाली होती. मी गाभाऱ्यात होतो. आवाज ऐकून बाहेर आलो तर ती आडवी, आणि लुगडं तसंच छातीशी धरलेलं, जमिनीला लागू दिलं नव्हतं. दवाखान्यात नेऊन फोटो काढला तर खुब्याचं हाड मोडलेलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, थोड्याच दिवसांत वॉकर धरून उभी करतो. नाही केलं तर ही बाई खाटेवरून उठणार नाही, आणि ह्या वयात खाटेवर पडलेलं माणूस — त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. “कार्ड आहे ना?” एवढंच विचारलं.

मी म्हणालो, “घरी विचारून सांगतो.” आणि काकीला घरी घेऊन आलो. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ती माझं मनगट दाबत होती.

सरकारी दवाखान्यात नेता आलं असतं, हे तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं होतं. पण तिथंही कार्ड मागतात असं कुठंतरी ऐकलेलं, आणि कार्ड म्हटलं की मला रेशनवाल्याचा अंगठा दिसायचा. हा अंगठा आधी काकीचा लागला तर आईचं काय? पुढच्या वर्षापर्यंत ती झडप थांबणार आहे का? खुबा मोडल्याने माणूस मरत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. झडपेनं मरतं. डॉक्टरांचं अर्धं वाक्य मी मुद्दाम अर्धंच राहू दिलं.

घरात उघड बोलता आलं असतं. पण मला पक्कं माहीत होतं काय होईल ते. आई म्हणाली असती, “आधी आक्काचं कर.” आणि हटून बसली असती. काकी म्हणाली असती, “येडा हायस काय, तिचं काळीज आदी.” तीसुद्धा हटली असती. दोघींपैकी कोण जिंकलं असतं? मला त्याची भीती वाटली. म्हणून मी दोघींनाही विचारलं नाही. काकीला स्वतःहून ‘मी थांबते’ म्हणायची संधी द्यायला हवी होती. तेवढंही मी तिला दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सांगोल्याकडून तिचा धाकटा भाऊ आला, येशवंतमामा. तिकडं त्याची थोडी शेरडं आहेत आणि डाळिंबाचा तुकडा. पिशवीभर डाळिंबं घेऊन आला, ती दारातच ठेवली आणि बहिणीजवळ जाऊन बसला. ती कण्हत होती. तो बाहेर आला तो तापलेलाच.

“सदा, कारड हाय न्हवं? मग थांबलाय कशापायी?”

मी म्हणालो वय झालंय, भूल सोसेल का, हाडवैद्याचं पण बघू. तो म्हणाला, “आमच्या शेरडाचा पाय मोडला तरी आमी असं निजवून ठिवत न्हाय.” आणि मग त्याने ते म्हटलं ज्याची मी वाट बघत होतो. होय, वाटच बघत होतो. “मग देवीला इचार. कौल लाव. उजवा दिला तर आत्ताच्या आत्ता न्यायचं. बोल.”

आमच्या घरात कौलाशिवाय मोठं काही ठरत नाही. माझं लग्नही कौलावरच ठरलं. काकीने आतूनच ऐकलं आणि म्हणाली, “व्हय, इचारा. ती म्हनंल तसं.”

इथपर्यंत मी तुम्हाला सगळं सांगितलं ते, बघा, कसं — माईकवरचा माणूस, रेशनचं दुकान, शेवाळ. जणू त्या सगळ्यांनी मिळून केलं. आता पुढचं मी एकट्याने केलंय.

सकाळची वेळ होती. देवळात मामा, माझी बायको, दोन-तीन शेजारी. आईला दम लागतो म्हणून तिला उंबऱ्याशी पाटावर बसवलं होतं. मोगऱ्याच्या दोन कळ्या घेतल्या. लोकांकडे पाठ करून गाभाऱ्यात वाकलं की हातात काय चाललंय ते कुणाला दिसत नाही. डाव्या अंगाची कळी मी पाण्यात नुसती टेकवली, पदराला पुसल्यासारखी सोवळ्याला पुसली, आणि खांद्यावर ठेवली. उजव्या अंगाची निथळती भिजवली, आणि तिच्या देठाला गंधाचं बोट लावलं. ओलं, घट्ट गंध. ते वाळलं की कळी धरून ठेवतं. हे मला कुणी शिकवलेलं नाही. वडिलांनी शिकवलं असतं तर त्यांच्या नावाने बोटं मोडली असती. माझ्याच हाताला ते आपोआप सुचलं.

मग बाजूला झालो आणि हात जोडून उभा राहिलो. “आई, हिचं आप्रेशन करावं का?” मामा मोठ्याने म्हणाला.

कळ्यांकडे सगळे बघत होते. मीही बघत होतो. डावी पडायला हवी होती आणि पडत नव्हती. वारा नव्हता. बाहेर कुणीतरी शटर वर केलं, त्याचा खडखडाट झाला. आणि उजव्या अंगाची कळी — गंध लावलेली — जरा खाली सरकली. पडली तर? पडली तर आजच नेऊन अंगठा लावावा लागणार. मी मनात म्हणायला लागलो, पडू देऊ नकोस, आई, पडू देऊ नकोस. देवीची फसवणूक करताना मी देवीचाच धावा करत होतो. तुम्हाला ह्यात गंमत वाटेल. मला तेव्हा घाम फुटला होता.

उजवी तिथंच थांबली. डावी पडली.

मामाने पडलेली कळी उचलली, कपाळाला लावली आणि बहिणीकडे गेला. त्याने काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. काकीचा आवाज मात्र बाहेर आला. “बरं. ती न्हाय म्हनती तर न्हाय. तिला माजी काळजी हाय.” दुपारच्या गाडीने मामा परत गेला. डाळिंबं आम्ही खाल्ली.

हाडवैद्य येऊन पट्ट्या बांधून गेला. काकी खाटेवर पडली ती पडलीच. माझी बायको तिचं सगळं करायची — न्हाणं, कपडे, भांडं. कूस बदलताना आपण ओरडू नये म्हणून काकी तोंडात पदराचा बोळा धरायची. आणि आईला तारीख मिळाली.

आईचं ऑपरेशन झालं. कार्डावरच झालं. नीट झालं. वॉर्डात तिच्या शेजारच्या खाटेवर मोहोळचा एक म्हातारा होता, त्याची बायको त्याच्याजवळ बसलेली. चार दिवसांत आईची तिच्याशी गट्टी जमली. मी एका दुपारी शहाळं घेऊन गेलो तर म्हातारा आईला सांगत होता, “हिचं पित्ताचं खडं काढलं संक्रांतीच्या सुमाराला. आता माजं काळीज. दोगांचं कारडावरच की.”

मी विचारलं, “एकाच घरात? एकाच वर्षात?”

“व्हय. का?”

“एकाचं झालं की संपत नाही?”

म्हातारा माझ्याकडे बघून हसला. “पाच लाख सरलं तर संपल की. हिच्या खड्याला कुटं येवडं लागत्यात? उरलं ते माजं. माजं झालं तरी थोडं उरंल.”

शहाळं माझ्या हातात होतं. त्यात नळी घालायची राहिली होती. मी ती घालायचा प्रयत्न केला, जमेना. आणि आई — आई त्या बाईकडे बघत होती, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, “आरं, मग आक्काचं बी झालं असतं की.”

मी काहीतरी बोलणार होतो. खरंच, ओठांपर्यंत आलं होतं. पण तिनेच मान हलवली. “पर देवीनं डावा दिला. तू तरी काय करशील.” आणि तिने माझ्या हातातून शहाळं घेतलं.

मी खाली गेलो. योजनेच्या टेबलाशी रांगेत उभा राहिलो आणि जे सहा आठवड्यांपूर्वी विचारायला हवं होतं ते विचारलं. उत्तर सरळ होतं. ज्याच्यावर जेवढा खर्च होईल तेवढाच वजा होतो, बाकीचा घरातल्या दुसऱ्या वयस्कर माणसाला वर्षभरात वापरता येतो. आजार आधीपासूनचा असला तरी चालतो. घरी बसून घ्यायच्या गोळ्या ह्यात येत नाहीत, दाखल व्हावं लागतं. आमच्या घरचं बरंच शिल्लक होतं. मोडलेल्या खुब्याचं विचारलं तर टेबलावरचा माणूस म्हणाला, होतं, पण डॉक्टरांना दाखवा, उशीर करू नका. हाडाच्या डॉक्टरांकडेही गेलो. ते म्हणाले, आता जरा अवघड आहे, पण आणा. अजून आणा.

अजून आणा. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. अर्धं नाही, पुरं ऐकलं.

तुम्ही म्हणाल, मग नेलं असशील. रिक्षात बसलो तेव्हा माझीही तशीच समजूत होती. नवी पेठेतल्या गर्दीत रिक्षा अडकली आणि मी आत बसून वाक्यं जुळवत होतो. काकी, चूक झाली. काकी, कळीला गंध लावलं होतं मी. घरी पोचलो. ती दाराकडे डोळे लावून होती. “कशी हाय माजी धाकटी?” तिने विचारलं. मी म्हणालो, बरी आहे, शहाळं प्याली. ती हसली. मी हात-पाय धुवायला गेलो आणि धुतच राहिलो.

पहिल्या वेळी मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकतो. ह्यावेळी काय म्हणू? माहीत होतं. कार्डात शिल्लक होती, डॉक्टर तयार होते, काकी जिवंत होती. आड काय येत होतं? डावा कौल. तो फिरवायचा तर कबूल करायला लागणार. मामा काय म्हणेल, पेठेतले लोक काय म्हणतील, उद्यापासून कौल घ्यायला कोण येईल — हे मी एका पारड्यात ठेवलं. दुसऱ्यात काकी. मग मी सबब शोधली. तोच प्रश्न देवीला नवरात्रापर्यंत पुन्हा विचारायचा नाही असा आमचा रिवाज आहे. आहे, पण वडिलांनी एका व्यापाऱ्यासाठी तो माझ्यादेखत मोडला होता. नवरात्रात विचारू आणि उजवा लावू, असं मी ठरवलं. नवरात्र चार महिने लांब होतं.

आई घरी आली. हळूहळू चालायला लागली. भिंत धरून काकीच्या खाटेपर्यंत जायची आणि दोघी बोलत बसायच्या. आईचे गाल भरत गेले आणि काकीचे आत जात राहिले. तिच्या पाठीला जखमा झाल्या. ती देवळाच्या बाजूला तोंड करून निजायची, आणि एक दिवस मला म्हणाली, “सदा, देवीनं डावा का दिला असंल रं?”

मी म्हणालो, तिच्या मनातलं आपल्याला काय कळणार.

“न्हाय, मला ठाव हाय,” ती म्हणाली. “मला पोर हुईना तवा मी तिला लई वंगाळ बोलले हुते. गाभाऱ्यात हुबी ऱ्हाऊन बोलले. कुनाला म्हाईत न्हाय. त्याचाच राग धरला तिनं.”

मोडलेल्या हाडाचं मी समजू शकतो — म्हणजे मी काय केलं ते समजू शकतो. पण हे? ती रोज आपल्याच आयुष्यात चूक शोधत पडली होती. तिने मीठ सोडलं. मंगळवारी पाणीसुद्धा घेईना. सगळं आयुष्य जिची लुगडी धुतली ती आपल्यावर रागावलीय, आणि राग धरून आपल्याला निजवून ठेवलंय, असं तिला वाटत होतं. माझं नाव तिच्या मनात कुठंच नव्हतं. ती माझ्यासमोर देवीची माफी मागायची, आणि मी ऐकत बसायचो.

काकी नवरात्राच्या आधी गेली. मामा आला, माझ्या गळ्यात पडून रडला. म्हणाला, देवीनंच न्यायची ठरवली हुती, तर आपन कोन? मी त्याची पाठ थोपटली.

पण ती जायच्या आधीचं एक राहिलंय. तेच सांगायचं होतं. बाकी सगळं मी कदाचित ह्यासाठीच बोलत बसलो.

शेवटच्या दिवसांत तिचा आवाज खोल गेला होता. एका दुपारी तिने मला जवळ बोलावलं. “माज्यासाटी येक कौल लाव,” म्हणाली. “आप्रेशनाचा न्हवं. राग गेला का, येवडंच इचार. राग घिऊन जायला भ्या वाटतंय.”

मी देवळात गेलो. दुपारचं देऊळ रिकामं होतं. पाण्याचा गडू घेतला, कळ्या घेतल्या, गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर बसलो. गंध लावू का? नुसत्याच लावू? खोटा उजवा लावायचा तर तो कुणासाठी, बघायला तर कुणीच नव्हतं. आणि खरा लावला आणि डावी पडली तर? देवी जे उत्तर देईल ते काकीबद्दल नसेल, माझ्याबद्दल असेल, हे मला कळत होतं. मी कळ्या लावल्याच नाहीत. थोडा वेळ बसलो, उठलो, आणि घरात येऊन म्हणालो, “उजवा दिला, काकी.”

तिचा चेहरा असा मोकळा झाला की मला तो बघवेना. तिने माझे दोन्ही हात मागितले. मी पुढं केले. तिने ते धरले, आधी कपाळाला लावले, मग डोळ्यांना लावले, आणि तसेच डोळ्यांवर ठेवून घेतले. “देवीचं हात,” म्हणाली. “तू हुतास म्हनून मला इचारता आलं रं, बाळा.”

हात काढून घेता आले असते. तिच्या बोटांत जोर राहिला नव्हता. मी ते तिथंच ठेवले, तिला झोप लागेपर्यंत.